जांभळ्या गराची रताळी: रंग का बिघडतो, गर कोरडा का लागतो आणि ती शिजवावीत कशी

शहाद्याच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सुरतेहून आलेल्या पाहुण्यांनी त्यांच्यासाठी जांभळ्या गराची रताळी आणली. ताईंनी ती नेहमीच्या पद्धतीने सोलली, फोडी केल्या आणि कुकरमध्ये पाणी घालून तीन शिट्ट्या दिल्या. पाणी निळे झाले, फोडी राखाडी पडल्या आणि खाताना घशाला तोठरा बसला. उरलेल्या रताळ्यांचा कीस लोखंडी कढईत केला, तर तो काळपट हिरवा झाला. महाशिवरात्रीला त्यांच्याकडे पंचवीस माणसांचा फराळ आहे. रताळी खराब होती का, त्यांना रंग मारला होता का, ती उपवासाला चालतात का, आणि चालत असतील तर नीट कशी करावीत, असे त्यांचे प्रश्न आहेत.

जळगावात गेली बावीस वर्षे मी उपवासाच्या फराळाच्या ऑर्डरी घेते आणि त्यांतली शेवटची सहा-सात वर्षे जांभळी रताळी माझ्या हाताखालून जात आहेत. त्या अनुभवावरून सांगते की ताईंची रताळी खराब नव्हती. पांढऱ्या रताळ्याची रीत जांभळ्याला लावली, एवढेच चुकले. हे रताळे हळू आच मागते, सोलल्यावर पाणी अगदी कमी मागते आणि थोडे आंबट मागते. या तीन गोष्टी सांभाळल्या की ते पांढऱ्यापेक्षा सरस होते.

परंतु त्याआधी आपल्याकडे नेमके काय आले आहे, हे पाहणे आवश्यक आहे, कारण नंदुरबार-शहाद्याच्या बाजूला या नावांचा मोठा घोटाळा होतो. आपण मराठीत ज्याला रताळे म्हणतो, त्याला गुजरातीत शक्करियां म्हणतात आणि रावेरच्या पुढे बऱ्हाणपूरकडे गेले की तेच शकरकंद होते. गुजरातीत ज्याला रताळू म्हणतात, तो मात्र निराळाच कंद आहे. सुरतेच्या उंधियूत पडणारा तो जांभळा कंद म्हणजे आपले कोनफळ. त्यामुळे गुजरातेतून कोणी 'रताळू' आणले, तर ते रताळे असेलच असे नाही. ओळख सोपी आहे. कोनफळ बेढब असते, त्याची साल झाडाच्या खोडासारखी खरखरीत आणि केसाळ मुळ्यांची असते, आणि कापल्यावर हाताला बुळबुळीत चिकटा लागतो. रताळ्याची साल पातळ असते, दोन्ही टोके निमुळती असतात आणि कापल्याबरोबर कडेने पांढऱ्या दुधाचे बारीक थेंब येतात. कोनफळ सोलताना हाताला तेल लावावे, कारण त्याच्या चिकाने खाज सुटते, आणि ते कच्चे कधीही खाऊ नये. ताईंनी 'फोडींमधून दूध आले' असे लिहिले आहे, म्हणून त्यांच्याकडे आलेले रताळेच होते, हे नक्की.

दुसरी फसगत सालीच्या रंगाची होते. आपल्या बाजारात मिळणारे बहुतेक रताळे बाहेरून लालसर-जांभळे आणि आतून पांढरे असते. गर जांभळा आहे की नाही, हे टोकाचा अर्धा इंच तुकडा मोडूनच कळते. घाऊक घ्यायचे असेल, तर विक्रेत्याला विचारून दोन-तीन रताळ्यांची टोके मोडून पाहावीत. काहींच्या गरात पांढऱ्या शिरा किंवा ठिपके असतात आणि तोही त्याचा स्वभावच असतो, भेसळ नव्हे.

आता रंगाविषयी. हा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांचा असतो. जांभळाच्या फळातला, जांभळ्या कोबीतला आणि वांग्याच्या सालीतला रंगही याच कुळातला आहे. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने काढलेल्या 'भू कृष्णा' या जांभळ्या वाणात १०० ग्रॅम रताळ्यात सुमारे ९० मिलिग्रॅम अँथोसायनिन असते. रताळ्यातले हे द्रव्य आचेला बऱ्यापैकी दाद देत नाही, म्हणूनच भाजलेले किंवा वाफवलेले रताळे शिजल्यावर अधिक गडद दिसते. त्याला बिघडवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांतली पहिली म्हणजे पाणी. हा रंग पाण्यात विरघळतो. सोललेल्या फोडी पाण्यात उकळल्या की रंगाचा मोठा वाटा पाण्याबरोबर मोरीत जातो. दुसरी गोष्ट म्हणजे क्षार. आंबट पदार्थात हा रंग गुलाबी-लाल होतो, मध्यम स्थितीत जांभळा राहतो आणि क्षारयुक्त, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाच्या, पदार्थात निळा, मग हिरवा होतो. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते आणि उकळताना त्याचा क्षारपणा आणखी वाढतो, म्हणून ताईंचे पाणी निळे झाले. तिसरी गोष्ट लोखंड. लोखंडी कढईत या रंगाचा लोहाशी संयोग होऊन तो काळपट पडतो, आणि साध्या ॲल्युमिनियमच्या भांड्यातही निळसर छटा येते. स्टेनलेस स्टीलचे जाड बुडाचे भांडे या कामाला उत्तम.

रंग मारला असेल ही शंका घरीच फेडता येते. शिजलेल्या गराचे दोन लहान गोळे वेगवेगळ्या बशीत ठेवावेत. एकावर लिंबाचे चार थेंब पिळावेत आणि दुसऱ्यावर चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टाकावा. पहिला गोळा क्षणात किरमिजी गुलाबी होतो आणि दुसरा निळा होऊन हिरव्याकडे झुकतो. असा दोन्ही बाजूंना बदलणारा रंग हा अँथोसायनिनचाच गुण आहे. मी नव्याने कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी हे करून दाखवते, कारण एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढच्या चुका आपोआप टळतात.

मला हे कळले ते मोठ्या नुकसानीनंतर. एका वर्षी चाळीस माणसांच्या जेवणासाठी मी जांभळ्या रताळ्याचे घारगे करायला घेतले आणि लाल भोपळ्याच्या घारग्यांत घालते तसा चिमूटभर सोडा पिठात घातला. मळताना पीठ जांभळे होते. अर्ध्या तासाने झाकण काढले तेव्हा ते शेवाळासारखे हिरवे झाले होते. चवीत काही वावगे नव्हते, तरी ते घारगे पानात वाढण्याजोगे राहिले नाहीत आणि ऐनवेळी दुसरे काही करावे लागले. तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरात जांभळ्या रताळ्याजवळ सोडा येत नाही.

राखेचेही तसेच आहे, आणि खानदेशात हे मुद्दाम सांगावे लागते. आपल्याकडे भरताची वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काटक्यांवर, नाहीतर तुरकाठ्यांवर भाजतात, आणि जाळ संपल्यावर उरलेल्या निखाऱ्यांत रताळी पुरण्याची सवय शेतावर सगळ्यांनाच असते. ती पद्धत जांभळ्या रताळ्याला फार मानवते, कारण निवत जाणारी आच त्याला हवी तशी असते. परंतु लाकडाची राख क्षारयुक्त असते. साल कुठे फुटली, तर त्या फटीतून राख गराला लागते आणि तिथे मोरपिशी रंगाचा डाग पडतो. म्हणून निखाऱ्यांत पुरायची रताळी बिनजखमेची निवडावीत, त्यांना सुरीने टोचू नये, आणि काढल्यावर राख ओल्या फडक्याने पुसूनच साल सोडवावी.

कोरडेपणा आणि गोडी यांचा विचार एकत्रच करावा लागतो. जांभळ्या वाणांत पाण्याचा अंश कमी आणि पिष्ठाचा अंश जास्त असतो, म्हणून गर मऊ होण्याऐवजी पिठूळ होतो. रताळ्याची गोडी मात्र बव्हंशी शिजताना तयार होते. त्यात बीटा-अमायलेज नावाचे विकर असते आणि ते पिष्ठाचे माल्टोज या साखरेत रूपांतर करते. हे काम साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअस या टप्प्यात जोरात चालते, त्याहून जास्त उष्णतेला विकर निकामी होते. कुकरमध्ये शिट्टी झाली की रताळे हा टप्पा भराभर ओलांडते, साखर बनायला वेळच मिळत नाही आणि हाती येतो नुसता पिठूळ गर. भट्टीवाल्याच्या मंद वाळूत भाजलेले रताळे घरच्या उकडलेल्या रताळ्यापेक्षा गोड लागते, त्यामागे हेच कारण आहे.

म्हणून माझी रीत अशी आहे. दीडशे ते दोनशे ग्रॅमची, सारख्या जाडीची रताळी निवडावीत, कारण एक जाड आणि एक बारीक असेल तर एक कच्चे राहते. माती चोळून धुवावी, साल काढू नये, टोके कापू नयेत. मोठ्या पातेल्यात रताळी बुडतील एवढे पाणी घेऊन त्यात एका लिंबाचा रस घालावा आणि बारीक आचेवर ठेवावे. तळाशी बारीक बुडबुडे धरू लागतात, पाणी हलते पण उकळी फुटत नाही, बोट घातले तर लगेच काढून घ्यावेसे वाटते, अशा स्थितीत पाणी चाळीस मिनिटे राखावे. उकळी येईलसे वाटले तर अर्धा पेला गार पाणी घालावे. साल शाबूत असल्यामुळे रंग फारसा उतरत नाही. त्यानंतर रताळी काढून मोदकपात्रात किंवा इडलीपात्रात चाळणीवर ठेवून मध्यम आचेवर तीस ते चाळीस मिनिटे वाफवावीत. पांढरे रताळे वीस-पंचवीस मिनिटांत होते, जांभळ्याला मात्र जवळपास दीडपट वेळ द्यावाच लागतो. सुरी मधोमध अडखळल्याशिवाय गेली पाहिजे. आच बंद केल्यावर लगेच सोलू नये. दहा मिनिटे झाकून ठेवले की आतली वाफ गरात मुरते, आणि तेवढ्यानेही कोरडेपणात फरक पडतो. ओव्हन असेल तर पहिली पायरी गाळून, साबूत रताळी १५० अंशांवर दीड तास भाजावीत. चव याहून चांगली येते, पण पंचवीस माणसांसाठी वाफच सोयीची.

एवढे करूनही हा गर थोडा कोरडा राहणारच, आणि त्याला स्निग्ध पदार्थाची जोड द्यावी लागते. नुसते खायचे असेल तर गरम असतानाच फोडून त्यावर चमचाभर साजूक तूप आणि किंचित सैंधव घालावे. कुस्करून, बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचून, त्यात दही, जिऱ्याची पूड, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याचा जाडसर कूट घातला, तर उपवासाचे जे भरीत होते ते मला सर्वांत आवडते. दह्याच्या आंबटपणाने त्याचा रंग जांभळाच्या रसासारखा खुलतो आणि तोठऱ्याचे नावही राहत नाही. बडगी मात्र आधी धुऊन वाळवलेली असावी, कारण लसूण-मिरचीचे भरीत ठेचलेल्या बडगीचा वास त्यात उतरतो आणि उपवासाला तो चालणार नाही.

किसाची पद्धतही थोडी बदलावी लागते. पांढरे रताळे काळे पडू नये म्हणून आपण किसून पाण्यात टाकतो आणि पिळून घेतो. जांभळ्याचा कीस पाण्यात टाकला की रंग पाण्यात उतरतो. अर्धा किलो रताळी सोलून थेट ताटात किसावीत, त्यावर लगेच अर्ध्या लिंबाचा रस पिळून हाताने हलकेच कालवावे. स्टीलच्या जाड कढईत तीन मोठे चमचे तूप तापवून चमचाभर जिरे, चार-पाच हिरव्या मिरच्यांचे तुकडे आणि मग कीस घालावा. चार-पाच मिनिटे परतून, वर पाव वाटी पाणी शिंपडून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर पंधरा मिनिटांत दोन-तीन चांगल्या वाफा काढाव्यात. शेंगदाण्याचा कूट अर्धी वाटी, सैंधव आणि चमचाभर साखर शेवटी घालावी. कूट आधी घातला की तो पाणी शोषतो आणि कीस गोळा होतो. हळद तर अजिबात नको, एरवीही नको, कारण पिवळा आणि जांभळा मिळून मातकट रंग येतो.

गोड पदार्थांत मला रताळ्याच्या पोळ्यांपेक्षा श्रीखंड अधिक साधलेले वाटते. पाव किलो वाफवलेला गर पुरणयंत्रातून काढून पूर्ण गार करावा आणि अर्धा किलो चक्क्यात साखर व वेलची घालून फेटावा. चक्का आंबट असतो, त्यामुळे रंगासाठी वेगळे काही करावे लागत नाही. खीर करायची असेल तर दूध जवळजवळ मध्यम गुणाचे असल्याने ती फिकट करडी दिसते, आणि लिंबू घातले तर दूध फाटते. तेव्हा खीर पांढऱ्या रताळ्याचीच करावी, हे माझे स्पष्ट मत आहे. पोळ्यांच्या सारणात गुळाऐवजी साखर वापरावी, कारण गुळाच्या तपकिरी रंगाखाली जांभळा दबतो. काप तळायचे असतील तर तेल फार कडकडीत नसावे. रताळ्यात साखर असल्याने केळीच्या वेफर्सच्या तापमानाला ते करपून कडवट होतात.

कडवटपणाचा विषय निघाला म्हणून एक सावधगिरी सांगते. रताळ्याला सोंड्या भुंग्याची कीड लागते, गरात बारीक भोके आणि काळपट वाटा दिसतात आणि उग्र वास येतो. कीड किंवा काळी कूज लागलेले रताळे स्वतःच्या बचावासाठी कडू, विषारी द्रव्ये तयार करते आणि ती शिजवून नष्ट होत नाहीत. एवढाच भाग कापून बाकीचे वापरू, असा मोह धरू नये. जांभळ्या गरात काळा डाग लवकर दिसत नाही, म्हणून नाक आणि जीभ यांवर विसंबावे. कडू लागले तर अख्खे रताळे टाकून द्यावे.

उपवासाला चालते का, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पांढरे, नारिंगी आणि जांभळे ही एकाच वनस्पतीची वाणे आहेत, म्हणून ज्यांच्या घरी पांढरे चालते त्यांच्या घरी जांभळे न चालण्याचे कारण नाही. जांभळे रताळे नवीन दिसते म्हणून काहींना ते परके वाटते, परंतु रताळे, शेंगदाणा, मिरची, बटाटा ही आपल्या फराळाच्या ताटातली मंडळी सारीच मूळची अमेरिका खंडातली आहेत आणि आपल्या देवघराने ती केव्हाच आपलीशी केली आहेत.

प्रकृतीबद्दल मोजकेच सांगते. जांभळे रताळे डोळ्यांसाठी चांगले, असे काही जण सांगतात. तो गुण खरे तर नारिंगी रताळ्याचा आहे. त्यात बीटा-कॅरोटीन असते, 'भू सोना' या वाणात १०० ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम. जांभळ्यात ते फार थोडे असते. घरात मधुमेही असतील तर वर सांगितलेली मंद आचेची रीत त्यांच्यासाठी वापरू नये, कारण तिने साखर वाढते. त्यांची रताळी सालीसकट थेट उकळत्या पाण्यात टाकून शिजवावीत, प्रमाण बेताचे ठेवावे आणि दह्याबरोबर द्यावीत. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून खावे, कारण रताळ्यात ऑक्झलेट असते.

आता महाशिवरात्रीची तयारी. पंचवीस माणसांना भरीत आणि श्रीखंड करायचे असेल, तर चार किलो रताळी पुरतात. ती पंधरा दिवस आधी आणून ठेवावीत. नुकत्याच खणलेल्या रताळ्यापेक्षा थोडे मुरलेले रताळे गोड लागते. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नयेत, कारण थंडीने गराच्या मध्यभागी गाठ बसते आणि ती कितीही शिजवली तरी मऊ होत नाही. टोपलीत, कागदावर, अंधाऱ्या हवेशीर कोपऱ्यात ठेवावीत आणि दोन दिवसांनी एकदा चाळून मऊ पडलेले वेगळे काढावे. आदल्या संध्याकाळी सगळी वाफवून, सोलून, गर लिंबाच्या दोन-तीन चमचे रसात कालवून झाकून फ्रीजमध्ये ठेवला तर चालतो, कारण शिजलेल्या गराला थंडीचा त्रास नाही. श्रीखंड रात्रीच फेटून ठेवावे. भरीत सकाळी करावे, पण दही आणि कूट पानं वाढायच्या आधी अर्ध्या तासानेच घालावा, कारण हा गर दही पटकन शोषून घेतो. म्हणून वाटीभर फेटलेले दही बाजूला राखून ठेवावे आणि वाढताना भरीत घट्ट वाटले तर तेव्हाच मिसळावे.